बरां म्हणजे बरं

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, बाबांना नाही, आणि मोहनला तर — मोहनला कसं सांगणार? म्हणून आज रविवारी, कारखाना बंद असताना, ऑफिस उघडून टाइपरायटरपुढे बसलोय. माझी बोटं फार पळतात. मालवणला टायपिंगच्या क्लासात मास्तर म्हणायचे, तुझी बोटं डोक्याच्या पुढे जातात, म्हणून चुका होतात. आज जाऊ देत पुढे. डोकं मागे राहिलं तरच हे बाहेर येईल, नाहीतर मी पुन्हा काहीतरी गंमतजंमत सांगून उठून जाईन. तशी सवयच आहे मला.

तर — कुठून सुरू करू? मोहनपासूनच करतो.

मोहन आणि मी शाळेपासूनचे. तो कसालच्या अलीकडच्या गावातला, मी मालवणचा, शाळामास्तरांचा मुलगा. मॅट्रिक झाल्यावर मी नुसता भटकत होतो. मोहन मात्र सुट्टीत आंब्याच्या कारखान्यात जायचा, रसाचे डबे मोजायला. त्यानेच कारखान्याच्या मालकांना, अण्णांना, सांगितलं की माझो एक दोस्त आसा, टायपिंग जाणता, डोकां पण आसा. म्हणजे मी इथे आज ज्या खुर्चीत बसलोय ती खुर्ची मला मोहनने दिली. हे आधीच सांगून ठेवतो. मागाहून सांगितलं तर तुम्ही म्हणाल, लपवलं.

कारखाना लहानसा. मौसमात आंब्याचा रस डब्यात भरायचा, झाकण झाळ मारून बंद करायचं, डबे उकळायचे, की झालं. आणि पाऊस आला की कुलूप. आंबे सोलणाऱ्या बायका मग लावणीला जायच्या दुसऱ्यांच्या शेतात. त्यात मोहनची आये पण असायची. तिचे गुडघे तेव्हाच गेलेले होते. पण पावसाळ्यात दुसरं काम काय असतं आमच्याकडे?

मग पुण्याचे एक साहेब अण्णांचे भागीदार झाले. फार चांगला माणूस, खरंच सांगतो. यात त्यांचा काही दोष नाही. ते म्हणाले, एकाच मालावर कारखाना जगत नाही, काहीतरी नवं काढत राहायला हवं. आणि नवं काढायचं तर त्यासाठी वेगळी माणसं हवीत, ज्यांच्या डोक्यावर रोजचं काम नाही. अण्णांनी भट्टीच्या मागची खोली रिकामी करून दिली. एक स्टो, एक तराजू, दोन पातेली आणि उष्णता मोजायची काचेची नळी. नळी पहिल्याच आठवड्यात मोहनने फोडली. अण्णांनी दारावर खडूने लिहिलं — प्रयोगाची खोली. खाली कुणीतरी लिहिलं — फोडाफोडीची.

आणि त्या खोलीत कोण? मी आणि मोहन!

माझ्या आयुष्यात तेवढे चांगले महिने पुन्हा आले नाहीत. मी आंबागोळी करत होतो. रस आटवायचा, साखर, दुधाची पावडर, आणि चॉकलेटसारखी कागदात गुंडाळायची. मुंबईची पोरं विलायती गोळ्या खातात, त्यांनी आमच्या आंब्याची का खाऊ नये? मला तर डोळ्यांपुढे कागदसुद्धा दिसायचा, पिवळा, त्यावर हिरवं पान. पण पहिली गोळी मोहनच्या दाढेला अशी बसली की त्याचं तोंडच उघडेना. हातवारे करून तो मला शिव्या देत होता, आणि मी पोट धरून हसत होतो. मग त्यानेच सुचवलं, ताटाला आणि सुरीला तूप लाव, रसातही थोडं घाल. तेव्हा कुठे गोळी सुटायला लागली. म्हणजे माझी म्हणतो ती गोळीसुद्धा —

असो. पुढे जातो.

मोहन करत होता कोकमवडी. वाळलेलं कोकम कुटायचं, साखर, मीठ, जिरं, आणि दाबून वडी पाडायची. पाण्याच्या पेल्यात एक वडी चुरली की सरबत तयार. बाटली नको, फुटायची भीती नको, खिशात घालून कुठेही न्या. कल्पना साधी होती, पण आमची दमट हवा! पहिली वडी त्याने बशीत ठेवली आणि दुपारी बघतो तर तिचं काळंलाल पिठलं झालेलं. मी म्हटलं, "मोन्या, ही वडी नाय रे, ह्यां मलम झालां." तो म्हणाला, "आयेच्या गुडघ्याक लावतंय." हसलो दोघं. पण गुडघ्याचं तो हसण्यावारी बोलत नव्हता. कोकम एकदा वाळवून ठेवलं की पावसाळाभर कामाला येतं. वडी चालली असती तर पावसात कारखान्याला कुलूप लागलं नसतं. "पावसात आयेक चिखलात उभी ऱ्हवाक नको," एवढंच तो एकदा बोलला होता, स्टोला पंप मारता मारता. मी ऐकलं होतं. नीट ऐकलं होतं.

मला मात्र काय हवं होतं? पोटाला काही कमी नव्हतं घरी. मला माझी गोळी हवी होती. पिवळा कागद हवा होता. सुरेशने काढलेली गोळी, असं मालवणच्या पेठेत कुणीतरी म्हणायला हवं होतं. बस, एवढंच. इतकं लहान.

मौसम संपत आला तेव्हा साहेब पुण्याहून आले आणि म्हणाले, दोन्ही माल काढायची ताकद आपल्यात नाही, एकच निवडायचा. लोकांना चाखवायचं आणि लोक सांगतील ते ऐकायचं. आणि एक नियम — ज्याने बनवलं त्याने विचारायला जायचं नाही. बनवणारा समोर उभा असला की लोक भिडेने गोड बोलतात. म्हणून सुरेशच्या गोळीबरोबर मोहन येईल, मोहनच्या वडीबरोबर सुरेश. साहेब स्वतः बरोबर असणार. पण आमची बोली भराभर बोलली की त्यांच्या डोक्यावरून जायची, म्हणून आमच्यातला एक जण हवा.

किती चांगला नियम होता, नाही? मी आजही कारखान्यात येणाऱ्या नव्या पोरांना हाच नियम सांगतो. आणि सांगताना त्यांच्या तोंडाकडे बघत नाही.

पहिल्यांदा गोळी गेली, आंबोलीला. घाट चढून आल्यावर एस.टी. तिथे थांबायची, इंजिनात पाणी घालायला, माणसं खाली उतरायची. मोहन आणि साहेब गोळ्यांची थैली घेऊन तिथे उभे राहिले. मी इकडे कारखान्यात नुसता येरझारा घालत होतो. अण्णाही नव्हते विचारायला — डब्यांचा पत्रा मिळत नव्हता म्हणून ते कोल्हापूरला जाऊन बसले होते. संध्याकाळी मोहन आला आणि जीपमधून उतरायच्या आधीच सांगायला लागला. घाटावरची माणसं छान छान म्हणाली. पण आपल्याकडच्या बायका काहीच बोलेनात. गोळी अर्धी चावायच्या, तोंड पुसायच्या, गप्प. साहेबांचा चेहरा पडला. तेव्हा मोहननेच त्यांना दाखवलं — उरलेली अर्धी गोळी बाया पदराला बांधतायत, घरच्या पोरांना. "मी सांगलंय साहेबांका," मोहन म्हणाला, "आमची माणसां तोंडार बोलनत नाय. पदराक बांधल्यानी म्हणजे आवडलां. ह्येच्यापेक्षा मोठां कायव नाय." आणि माझ्या पाठीत एक धपाटा घातला.

त्याला सांगायची काय गरज होती? गप्प राहिला असता तर त्याचीच वडी वर आली असती. पण त्याच्या मनात तो विचार शिरलाच नाही. आणि माझ्या मनात? — त्याने धपाटा घातला त्याच क्षणी शिरला. मोहनने आता माझी गोळी जिंकून दिलीय. उद्या मला फक्त — फक्त काही करायचं नाहीये.

आता तुम्ही आमच्याकडचे नसाल तर एक शब्द सांगायला हवा. पुढचं सगळं त्या शब्दावर आहे.

पुण्यात ‘बरं आहे’ म्हणजे काय? चालेल. वाईट नाही. जेमतेम. आमच्याकडे ‘बरां आसा’ म्हणजे — कसं सांगू? मुलगी बघायला गेलेला माणूस परत येऊन "चेडू बरां आसा" म्हणाला की घरात साखर वाटायची. ज्याच्या हाताला गुण आहे तो डॉक्टर बरो. म्हातारी माणसं आशीर्वाद देतात ते "देव बरां करो". देवाकडे कुणी जेमतेम मागतं का? आमच्याकडे याच्या वर शब्दच नाही. फार कौतुक केलं तर दृष्ट लागते म्हणतात, म्हणून सगळं कौतुक त्या एका शब्दात, तेही खालच्या आवाजात, दुसरीकडे बघत.

हे मला आईच्या दुधाबरोबर माहीत होतं. लक्षात ठेवा.

दुसऱ्या दिवशी कसालचा बाजार. ऊन असं की कौलांकडे बघवत नव्हतं. एका दुकानाच्या पडवीत आम्ही पाण्याची घागर आणि पितळी पेले मांडले. मोहनने वड्यांचा डबा माझ्या हातात देताना दोनदा सांगितलं होतं, झाकण लगेच लाव, नाहीतर पाझरतील. डब्यात त्याने भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी टाकली होती, त्याची आये मिठाच्या बरणीत टाकते तशी. सगळी ओल ती ओढून घ्यायची. वड्या खडखडीत होत्या. मी पेल्यात चुरली, ढवळली, आणि पाण्याला तो रंग चढला — मला स्वतःला इतकं आवडलं की सांगायला नको.

पहिला आला एक म्हातारा, खांद्यावर नारळांची कावड. कावड उतरवली, पेला घेतला, उभ्यानेच सगळा प्याला. मग पेला पालथा करून शेवटचा थेंब तळहातावर घेतला आणि तोही चाटला. मिशी पुसली. रस्त्याकडे बघत म्हणाला, "बरां आसा."

माझ्या अंगावर काटा आला. खरंच आला.

मग एक कोळीण, पाटी डोक्यावरून न उतरवता प्याली. बरां आसा. दोन शिंपी. बरां आसा. एक बाई तोंडावर पदर धरून हसली आणि पेला पुन्हा पुढे केला. साहेबांनी मला विचारलं, तहान लागलीय म्हणून मागतायत का? मी म्हटलं, ऊन फार आहे साहेब.

खोटं बोललो का? ऊन होतंच की.

दुपारपर्यंत साहेब खुर्चीत मागे रेलले. मनात हिशोब करत होते, दिसत होतं मला. काल लोक ‘छान’ म्हणाले, पदराला बांधून घेऊन गेले. आज नुसतं बरं, बरं, बरं. पण माणूस इतका नेक, की तसंच ठरवून टाकलं नाही त्यांनी. माझ्याकडे वळले. अगदी मोकळेपणाने, मला न आलेली गोष्ट तू शिकव अशा सुरात विचारलं:

"सुरेश, हे ‘बरां’ म्हणतात — म्हणजे आपलं बरंच ना? की तुमच्याकडे काही वेगळं असतं?"

एवढाच प्रश्न. कालचा मोहन त्या प्रश्नाच्या आधीच उत्तर देऊन मोकळा झाला होता. मला तर विचारलं होतं. दार उघडून धरलं होतं.

मी म्हटलं, "बरां म्हणजे बरं, साहेब."

— झालं. हेच ते. इतकी वर्षं हेच पोटात घेऊन फिरतोय. चार शब्द. आणि बघा ना, एकही शब्द खोटा नाही. कोशात बघा, बरां म्हणजे बरंच. मी कुणाच्या तोंडी नसलेलं घातलं नाही, असलेलं काढलं नाही. साहेबांची पद्धतही बरोबर होती. तिला फक्त एक खरं बोलणारा माणूस लागत होता.

संध्याकाळी साहेबांनी आम्हाला दोघांना ऑफिसात बोलावलं. त्याआधी मोहनने मला भट्टीमागे गाठलं होतं. काय सांगल्यानी लोकांनी? मी म्हटलं, बरां आसा सांगल्यानी. त्याचा चेहरा — नाही, त्याचा चेहरा मी टाइप करणार नाही.

साहेब प्रेमाने बोलले. म्हणाले, मोहन, तुझं काम चोख आहे, पण लोकांना कोकम बरं वाटलं, आणि बऱ्यावर कारखाना चालत नाही. मोहन पुढे झाला. साहेबांपुढे तो पुस्तकी बोलायचा, अडखळत. "साहेब, आमच्याकडे बरं म्हणजे —" साहेबांनी हात वर केला. ते मी विचारून घेतलंय, म्हणाले. मोहनने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. तुम्हाला वाटेल रागाने. नाही. मी तिथे होतो, मी ऐकलं होतं, म्हणजे मला ठाऊक असणार, अशा नजरेने.

बाहेर आल्यावर त्याने विचारलं, "तू सांगलंस मां साहेबांका, बरां म्हणजे काय ता?"

इथे तरी बोलायचं ना! साहेब आत होते, दार उघडं होतं, दहा पावलं परत जायची. काय बिघडलं असतं?

"सांगलंय रे," मी म्हटलं. "पण लोकांचो आवाजच तसो होतो. नुसतां आपला सांगूचा म्हणून."

हे दुसरं. हे पहिल्यापेक्षा वाईट आहे, मला कळतं. पहिल्यात शब्द तरी खरे होते. मोहन म्हणाला, माका वाटलाच होता, मीठ जरा जास्त झालां. आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, तुझी गोळी चलतली बघ.

चालली. हो, चांगली चालली. कागद पिवळाच आहे, हिरव्या पानाचा. अण्णा कोल्हापूरहून आले, साहेबांनी त्यांना सांगितलं की कोकम लोकांनी उचललं नाही, त्यांनी मान हलवली. मला कायम केलं. मोहन पुन्हा डबे मोजायला. त्या पावसात कारखान्याला कुलूप लागलं, पुढच्याही पावसात. लावणीच्या दिवसांत मी एकदा एस.टी.तून कसालला जात होतो. खिडकीतून शेत दिसलं, ओळीने वाकलेल्या बायका, आणि त्यातली एक मधेच सरळ होऊन दोन्ही हात कंबरेवर ठेवून उभी. मी मान फिरवली. कोण होती ते बघितलं नाही. बघितलं नाही, पण ओळखलं.

गोवा मोकळा झाला तसा मोहन दोडामार्गावरून पलीकडे गेला, म्हापशाला एका दुकानात. प्रयोगाची खोली आता माझी एकट्याची. स्टो नवा आहे. नवीन काय काढलं मी इतक्या वर्षांत? कागदाचा आकार बदलला. एकदा गोळीत वेलची घातली. ती घेऊन, नियम मोडून, मीच बाजारात उभा राहिलो, एका म्हाताऱ्याला दिली. तो म्हणाला, बरी आसा. आणि मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. ही खरी बरी, की नुसती बरी? मला कळेना. माझ्याच भाषेतलं मला कळेना.

एवढं सांगून थांबायला हवं होतं. पण एक राहिलं. त्यासाठीच तर बसलोय मघापासून.

गेल्या चतुर्थीला मोहन गावी आला होता. गणपती बघायला आमच्याकडे आला, आईने जेवायला बसवलं. केळीचं पान, काळ्या वाटाण्याचं सांबारां, वडे. लहानपणापासून तो आमच्याकडे हेच जेवत आलाय, आणि आई नेहमी एकच विचारते, आणि तो नेहमी एकच शब्द सांगतो, मान वर न करता, आणि आई खूश होऊन आणखी एक वडा टाकते. हे त्यांचं ठरलेलं. आईने विचारलं, "सांबारां कसां झालां रे मोहना?"

मोहनने मान वर केली. हसला. "छान झालंय, काकी," म्हणाला.

आईचा हात वडा घेऊन तसाच राहिला. मग तिने तो वडा परत परातीत ठेवला.

तो गेल्यावर ती मला म्हणाली, "मोहनाक जेवाण रुचूक नाय मां? ‘छान’ सांगून गेलो, परक्यासारखो." मी म्हटलं, रुचलं गो आई. ती म्हणाली, "रुचलां असता तर बरां म्हणालो असतो."

मी मोहनचं पान उचलायला वाकलो. पान पुसून घेतल्यासारखं साफ होतं. देठाच्या खोबणीतलंसुद्धा त्याने बोटाने निपटून खाल्लं होतं.

आई चुलीपाशी गेली होती. मी तिला हाक मारून पान दाखवलं नाही. पान दुमडलं आणि गोठ्याकडे घेऊन गेलो.